शेजारच्या ताईला मार बसतो. तिचा त्रास न वाढवता मदत कशी करावी?

प्रश्न:
आमच्या बचत गटातील एका ताईला नवरा मारतो. गेल्या आठवड्यात कापूस वेचताना तिच्या गळ्यावर बोटांचे वळ दिसले, तेव्हा पदर ओढून घेत "उष्णतेने उठले" एवढेच ती म्हणाली. वेचणीची मजुरी तो काढून घेतो, माहेरी फोनही करू देत नाही. मागे माझ्या यजमानांनी त्याला पारावर चार लोकांदेखत सुनावले, तर त्याच रात्री तिला जास्त मार बसला. घर सोडायला ती तयार नाही. आम्ही काय करावे?

उत्तर (आशा सेविका):
गळ्यावरचे वळ साधे समजू नका. गळा दाबल्यानंतर आवाज बसला, गिळताना दुखले किंवा धाप लागली तर बाहेरून फारसे दिसत नसले तरी तिला लगेच ग्रामीण रुग्णालयात न्यावे. इजा कशाने झाली हे तिने डॉक्टरांना खरे सांगितले, तर ती नोंद पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते. मारहाण चालू असेल तर ११२ वर फोन करा. त्याला पुन्हा कोणीही जाब विचारू नये, कारण त्याची किंमत तीच मोजते. "का सहन करतेस?" असेही विचारू नका, वावरात ती एकटी असताना तिच्याजवळ बसा आणि ती सांगेल तेवढेच ऐका.

उत्तर (वकील):
येथे गावाचे नाव लिहिले नाही, हे योग्य केले. मजुरी हिसकावणे हीदेखील २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार आर्थिक हिंसाच आहे. दाद मागण्यासाठी घर सोडण्याची अट नाही. उलट, ती नांदते ते घर तिच्या नावावर नसले तरी तेथे राहण्याचा हक्क कलम १७ तिला देते. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही माहिती देऊ शकते आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, तरीही तिला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो.

प्रश्नकर्ती:
काल मुद्दाम तिच्या शेजारची ओळ धरली. महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक तिने दोनदा म्हणून पाठ केला. निघताना तिने हळूच विचारले, "आधार कार्ड अन् बँकेचे पुस्तक तुझ्या पेटीत ठेवशील का?"