शब्दचर्चा: ओझोनचं 'भोक', 'उत्प्रेरक' आणि ध्रुवावरचं विरजण (बोलणारे आपापल्या टोपणनावानं)

रंकाळावेस
१६ सप्टेंबर जवळ आला. १९८७ साली याच तारखेला ओझोन वाचवण्याच्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या, म्हणून शाळाशाळांत ओझोन दिन. आठवीच्या पोरांसाठी ध्रुवांवरच्या हवेच्या रसायनावर अर्ध्या तासाचं बोलणं तयार करतोय आणि शब्दांपाशी अडलोय.

गेल्या वर्षी मी 'ओझोनला भोक पडलंय' म्हणालो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग त्यातनं हवा गळत न्हाई व्हय?" वर्ग हसला, मी गडबडलो. पोराचं काय चुकलं? भोक म्हटलं की गळणारच. छिद्र, विवर, भगदाड, सगळ्यांची तीच तऱ्हा.

हिशेब असा. आपल्या डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून शून्य अंशाला जमिनीवरच्या दाबाखाली पसरला, तर थर होतो जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे ३०० डॉबसन (ओझोन मोजायचं एकक). अंटार्क्टिकावर सप्टेंबर-ऑक्टोबरात तो २२० च्या खाली उतरला की त्याला 'भोक' म्हणायचं. वाईट वर्षी १०० च्याही खाली गेलाय. भाकरीचा पापड होतो, पण ताट रिकामं पडत नाही.

मला सुचतोय आजीच्या तोंडचा शब्द: विरणे. "धोतर विरलंय, वाकळंला घाला." विरलेलं कापड फाटलेलं नसतं. धागे जागेवर असतात, पण उजेडाला धरलं की पलीकडचं दिसतं. 'अंटार्क्टिकावर ओझोन विरतो' चालेल का?

दुसरा शब्द 'उत्प्रेरक', म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देऊन स्वतः न संपणारा पदार्थ. व्याख्या पाठ असते, पण कळलेली नसते.

राजारामपुरी
सर, विरणे छान आहे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना मला सुचायला हवा होता.

पण भोकाचीही थोडी बाजू घेते. फुग्याला ओझोन मोजायचं यंत्र बांधून वर सोडतात; अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री केंद्रावरूनही असे फुगे सोडले गेलेत. ऑक्टोबरात साधारण १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात ओझोन जवळजवळ शून्य भरतो. वरखाली शिल्लक असतो, मधला पापुद्रा तेवढा गायब. तेव्हा 'विरतो' हे एकूण थराबद्दल म्हणा, पापुद्र्याबद्दल नको. बाकी १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्याच हॅली केंद्रावरच्या नोंदींतून ही गोष्ट जगापुढे मांडली, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'मोठी घट' असेच शब्द होते. भोक मागनं पडलं!

शिवाजी पेठ
उत्प्रेरकाला अडत्या म्हणा की. दोघांचा सौदा करून देतो, आपण हाय तसा ऱ्हातो.

कागलकर
अडत न घेणारा अडत्या मार्केट यार्डात दाखवा, तांबडा-पांढरा माझ्याकडनं.

राजारामपुरी
अडत्या जुळवतो हो, आणि इथं क्लोरीन मोडतो. त्याला आपल्याकडं शब्द आहे: कळलाव्या. ओझोनच्या घरात तीन ऑक्सिजन. क्लोरीन येतो, एकाला फोडून घेऊन जातो, पुढं त्यालाही सोडतो आणि पुन्हा मोकळा होऊन पुढच्या दारात हजर. एक अणू अशी हजारो घरं मोडतो आणि स्वतःला ओरखडा नाही.

या कळलाव्याला बसायला पार मात्र लागतो. फ्रीज आणि फवाऱ्यांतल्या जुन्या वायूंमधनं वर गेलेला क्लोरीन एरवी हायड्रोक्लोरिक आम्लात आणि क्लोरीन नायट्रेटमध्ये बांधलेला असतो, निरुपद्रवी. ध्रुवावरच्या लांब रात्रीत स्थितांबर, म्हणजे ओझोन असतो तो वरचा हवेचा थर, उणे ७८ अंशांच्या आसपास उतरलं की नायट्रिक आम्लाचे आणि बर्फाचे ढग धरतात. त्यांच्या कणांवर हे दोघं भेटतात आणि क्लोरीन सुटतो. पण रात्री तो काही करत नाही. वसंतात सूर्य उगवला की कामाला लागतो. म्हणून हा उद्योग ऐन थंडीत नसून सप्टेंबरात दिसतो.

कागलकर
आमची म्हशींची दावण हाय, म्हणून विचारतो. उत्प्रेरकाला विरजण का नको? चमचाभर टाकलं की सकाळी तपेलीभर दही.

रंकाळावेस
दादा, हा शब्द मीही वहीत लिहिला होता. ताई काय म्हणतात बघू.

राजारामपुरी
दादा, थंडीत तुम्ही तपेली वाकळंत गुंडाळून ठेवत असाल. सकाळी त्या दह्यातला कुठलाही चमचा परत विरजण म्हणून चालतो, खरं ना? विरजण वाढतं. उत्प्रेरक वाढत नाही. म्हणून तिथं नको.

पण तुमचा शब्द वाया जायचा नाही. ही दुसऱ्या ध्रुवाची आणि अगदी जमिनीलगतची गोष्ट. उत्तर ध्रुवाकडं, कॅनडाच्या अलर्ट केंद्रावर, १९८० च्या दशकात दिसलं की वसंतात सूर्य उगवल्यावर समुद्रालगतच्या हवेतला ओझोन अधूनमधून जवळजवळ शून्यावर येतो. एरवी अब्जात तीसचाळीस भाग असतो. करणारा ब्रोमीन. समुद्राच्या मिठात ब्रोमाइड असतं, ते बर्फाच्या पृष्ठभागावर बसलेलं असतं. हवेतला एक ब्रोमीन ओझोनशी खेळून त्या खारट बर्फावर उतरतो आणि परत उठताना तिथला एक ब्रोमीन सोबत घेऊन उठतो. एकाचे दोन, दोनाचे चार. शास्त्रज्ञ याला 'ब्रोमीन स्फोट' म्हणतात, आणि पोरं सुतळी बॉम्ब समजतात. आवाज नाही, धूर नाही. हे विरजणच आहे. ब्रोमाइड हे दूध.

शिवाजी पेठ
म्हणजे खरोखरच दुधात मिठाचा खडा!

राजारामपुरी
वा! आणि आणखी एक घ्या. आपल्याकडं जानेवारीत पेपरात छापतात, 'पारा घसरला'. तिथं त्याच ब्रोमीनच्या दिवसांत हवेतल्या पाऱ्याच्या वाफेचं ऑक्सिडीकरण होतं आणि पारा खरोखरच खाली बर्फावर बसतो. १९९५ मध्ये अलर्टलाच हे मोजलं गेलं. वाक्प्रचार शब्दशः खरा व्हायची अशी जागा दुसरी मला माहीत नाही.

कागलकर
मग ते बर्फ वितळल्यावर पारा जातो कुठं?

राजारामपुरी
काही उन्हात परत हवेत उडतो. काही वितळलेल्या पाण्याबरोबर जातो, तिथनं माशांत, माशांतनं ते खाणाऱ्यांत.

रंकाळावेस
ठरलं तर. एकूण थरासाठी 'विरणे', क्लोरीनला कळलाव्या, ब्रोमीनला विरजण. 'उत्प्रेरक' फळ्यावर राहील, परीक्षेत लागतो.

आता क्लोरीन सोडवणाऱ्या त्या ध्रुवावरच्या ढगांना नाव द्या. सूर्य क्षितिजाखाली असताना त्यातल्या बर्फाच्या ढगांवर शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे रंग चमकतात. 'मोतिया ढग' लिहिलं होतं. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "आत्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी हाय, ते आधी बघा."

शिवाजी पेठ
शिंपली ढग. पंचगंगेच्या काठावरची एक शिंपली खिशातनं न्या, पोरांच्या हातात द्या. आत बघायला सांगा.