'मोतिया' म्हणजे नेमका कोणता पांढरा?

गंगापूररोडकर: सोसायटीच्या जिन्याला रंग काढायचाय आणि ठराव मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. रंगाऱ्याने दुसऱ्या मजल्यावर तीन पट्टे मारून ठेवलेत. तिन्ही पांढरे, पण डाव्यात पिवळ्याची झाक, मधल्यात राखेची, उजव्यात अगदी पुसट गुलाबी. डाव्याला मी जन्मभर 'मोतिया' म्हणत आलोय. आमचे सचिव म्हणतात मोतिया तो उजवा, त्यांच्या आईचा मोतिया शालू तस्साच होता. नुसतं 'मोतिया' लिहिलं तर अर्धी सभा एका रंगाला हात वर करेल, अर्धी दुसऱ्याला. शब्द सुचवा.

तिळभांडेश्वर: मोती पिवळसरही असतो, गुलाबीही. दोघेही खरे. डाव्याला 'सायीचा' म्हणा. म्हशीच्या दुधाची, रात्रभर धरलेली साय. गाईची नको, ती फारच पिवळी.

शब्दनिष्ठ: 'पांढुरका' हा घरचा शब्द असताना एवढी यातायात कशाला? ऑफव्हाइट, आयव्हरी ही सगळी दुकानदारी आहे.

मखमलाबादची: पांढुरका म्हणजे विटलेला, धुऊन धुऊन जीव गेलेला. पैसे मोजून तो कोण लावेल? आपल्याकडे रंगाच्या शेपटावर सगळा निकाल असतो. 'पिवळसर' भिंत चालते, 'पिवळट' म्हटलं की दात डोळ्यांपुढे येतात. 'काळसर' आणि 'काळपट' यांतही तोच फरक. '-सर' नुसतं वर्णन करतो, '-ट' नाक मुरडतो. आणि 'पांढरसर' मात्र मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

शब्दनिष्ठ: 'हिरवट केळी' म्हणताना कोण नाक मुरडतं? एवढ्यातेवढ्यावरून नियम करू नका.

मखमलाबादची: हिरवट केळी विकत घेताना मुरडतातच की, काका.

सातपूरचा रंगारी: आमच्या धंद्यात नावावर रंग कुणी घेत नाही. मशिनमध्ये कोड टाकला की तोच रंग निघतो, तेव्हा ठरावात कंपनीचं नाव आणि कोड घाला. दुसरं, ओल्या पट्ट्यावर मत देऊ नका. इमल्शन वाळलं की किंचित गडद होतं. लांबी (पुट्टी) घासून, प्रायमर मारून, दोन हात झाल्यावर बघा. दिवसा एकदा आणि रात्री जिन्यातल्या दिव्यात एकदा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली राखाडी झाक निळी दिसते, 3000 च्या पिवळ्या दिव्याखाली मोतिया लोण्यासारखा होतो. खाली लाल टाइल असेल तर तिचा गुलाबी भिंतीवर चढतोच. सचिवसाहेबांना गुलाबी दिसतो तो पट्टा टाइलजवळ आहे का, ते आधी बघा.

तिळभांडेश्वर: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथे वाणही लागला! (वाण म्हणजे वर्ण, हे नव्या मंडळींसाठी.)

गंगापूररोडकर: टाइलजवळच आहे. पण सभेत चौथ्या मजल्यावरच्या आजींना कोड वाचून दाखवू का? त्यांना शब्दच लागतो.

खानदेशी पाव्हणा: आमच्याकडे गावाचेच दोन रंग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. धाब्याच्या घरांना तीच पांढरी माती. पुढे चुना आला, त्यात चिमूटभर नीळ टाकायची म्हणजे पिवळेपणा मरतो. हात सैल सुटला की भिंत निळी! सांगायचं काय, निव्वळ पांढरा कुणाकडेच नव्हता.

शब्दनिष्ठ: मग संस्कृतातला 'पांडुर' घ्या. पिवळसर पांढरा, अगदी डावा पट्टा.

मखमलाबादची: भिंतीला पांडुरोग झालाय असं लिहू ठरावात? अंबालिका भीतीने पांढरीफटक पडली म्हणून मुलाचं नाव पांडू पडलं. जिन्यात असला रंग नको गं बाई.

तिळभांडेश्वर: पांडूवरून आठवलं. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांचाही पांडवांशी संबंध नाही. ती बौद्ध लेणी आहेत, भिक्षूंच्या पिवळ्या चीवरावरून (वस्त्रावरून) 'पांडु' आलं, असं एक मत आहे.

शब्दनिष्ठ: मतं पुष्कळ आहेत. लोकांना कुठलंही जुनं लेणं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलं असं वाटतं, एवढं साधं कारण पुरेसं आहे. पांडू पांढरा की पिवळा, हे आधी ठरवा.

तिळभांडेश्वर: अहो, तोच तर जिन्यातला प्रश्न आहे!

खानदेशी पाव्हणा: पांडुरंग तर काळा आहे. त्याचं काय करता?

मखमलाबादची: ते राहू द्या. 'बेज' म्हणजे फ्रेंचमध्ये मुळात न रंगवलेल्या लोकरीचा रंग. त्याच चालीवर आपल्याकडे न धुतलेला मांजरपाट, ते जाडंभरडं सुती कापड, आहे. डाव्या पट्ट्याला 'मांजरपाटी' लिहा. आजींना एका शब्दात कळेल.

सातपूरचा रंगारी: गिऱ्हाइकाला मांजरपाटी सांगितलं तर तो दुसऱ्या रंगाऱ्याला फोन लावेल. जिन्याला 'मळखाऊ' हा एकच रंग विचारला जातो आणि या तिघांतला एकही मळखाऊ नाही. मधला त्यातल्या त्यात बरा.

शब्दनिष्ठ: मळखाऊ हा रंग नव्हे, गुण आहे.

तिळभांडेश्वर: आणि मांजरपाटात मांजर कुठून आलं, हे कुणी सांगेल का? तिच्या रंगावरून म्हणावं, तर आमची काळी आहे.