घरी गाणं रेकॉर्ड करायला हेडफोन: ओपन की क्लोज्ड?

अभंगवेडी_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. मी घरीच अभंग रेकॉर्ड करते. मोबाइलवर तबला-तानपुऱ्याचा ट्रॅक लावते, तो कानात ऐकत माइकवर गाते, मिक्सिंग भाऊ करतो. इअरफोनने कान दुखतात, म्हणून मोठा हेडफोन घ्यायचाय. रात्री जुन्या मैफली ऐकायलाही तोच. दुकानात ओपन लावून बघितला, फारच मोकळं वाटलं. पण एकच परवडेल, आणि आई त्याच खोलीत झोपते. काय घेऊ?

खर्जषड्ज:
ताई, एकच घ्यायचा तर डोळे झाकून क्लोज्ड. गाणाऱ्यांचं रेकॉर्डिंग हेच माझं काम, म्हणून पोटतिडकीने सांगतोय. क्लोज्डचा कप मागून बंद असतो, ओपनच्या कपाला मागून जाळी असते, त्यामुळे आवाज बाहेरही तितकाच येतो. माइक तोंडापासून वीतभर लांब, मग ठेका त्यात शिरणारच. गाताना कळत नाही. पण ओळ संपवून तुम्ही श्वास घेता, त्या फटीत बारीक 'धा' ऐकू येतो. भावाने ओळ जराशी मागेपुढे सरकवली की तोच बोल दोनदा वाजतो. असा चिकटलेला ठेका नंतर काढणं महाकठीण.

क्लोज्डची खोड वेगळी. दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज डोक्यातच घुमतो आणि सूर चढला की उतरला, ते कळेनासं होतं. गाताना एक कप कानामागे सरकवा. मात्र त्या बाजूचा आवाज बंद करा, नाहीतर गळती तिथूनच. मोबाइलच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते, ती पूर्ण एका बाजूला न्या.

सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स बघा.

निवांत_श्रोता:
मैफल ऐकायला मात्र ओपनला तोड नाही हो! सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ काढला, तेव्हापासून या जातीचे चाहते आहेत. माझ्याकडे त्यांचाच एचडी ६०० आहे. तानपुऱ्याची जवारी डोक्याबाहेर पसरलेली वाटते, मे महिन्यातही कान उकडत नाहीत. पण तो ३०० ओहमचा, म्हणजे विजेला त्याचा अडथळा जास्त, त्यामुळे नुसत्या मोबाइलवर आवाज पुरेसा उठत नाही. आणि आई त्याच खोलीत असतील तर त्यांनाही तुमच्याबरोबर मैफल ऐकावी लागेल. तुमच्यासाठी क्लोज्डच.

अभंगवेडी_डोंबिवली:
दोघांचे आभार. मला चष्मा आहे, अडचण येईल का?

खर्जषड्ज:
येऊ शकते. काडीमुळे गादी नीट टेकत नाही, फट राहते आणि डग्गा पातळ होतो. दुकानात तुमचाच ट्रॅक चष्म्यासकट ऐका, मग काढून ऐका. फार फरक वाटला तर जास्त मऊ गादीचा मागा. भावालाही न्या. हेडफोन त्याच्या डोक्यावर, ट्रॅक तुम्ही गाताना ठेवता तेवढ्याच आवाजात, आणि तुमचा कान कपापासून वीतभर लांब. ठेका ओळखू आला तर तो मॉडेल नको.