नवशिक्यानेही शिकवावं, पण हद्द ओळखून

मी स्वतः नवशिक्या आहे, तरी पुतण्याला कोडिंग शिकवू का, असं इथे एकाने विचारलंय. त्यावर "स्वतःला नीट येत नाही तोवर शिकवू नका" असं बऱ्याच जणांनी सांगितलंय. मला नाही पटत. मी अजून शिकतेच आहे आणि मावसबहिणीला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते.

तिने बेरजेचा प्रोग्राम लिहिला. 5 आणि 3 दिले, उत्तर आलं 53! इनपुटमधून, म्हणजे टाइप केलेलं वाचून घेणाऱ्या आज्ञेतून, आकडा येत नाही, मजकूर येतो. म्हणून पायथन दोन्ही तुकडे शेजारी जोडून मोकळं होतं. आधी इंट ही आज्ञा वापरून त्याचा पूर्णांक करावा लागतो. मुरलेल्या माणसाच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की इथे कुणी अडेल हे त्याच्या ध्यानातही येत नाही. मी नुकतीच तिथून पुढे आलेय, त्यामुळे तिचा प्रश्न अर्ध्यातच कळतो. शिवाय तिच्या "पण असं का?" पायी मलाही खोलात वाचावं लागलं. जुन्या पायथन 2 मध्ये इनपुटला 5 दिले तर आकडाच मिळायचा, त्यामुळे जुने धडे बघून शिकणारे हमखास गोंधळतात.

पासवर्ड साठवणं किंवा डेटाबेसची क्वेरी (साठवलेल्या माहितीसाठी दिलेली आज्ञा) मात्र मी शिकवत नाही. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर क्वेरीत नुसता चिकटवला की एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे त्या मजकुरातून कुणी स्वतःची आज्ञा घुसवायला, दार उघडं. तिथे सरळ "मला येत नाही, दोघी मिळून अधिकृत डॉक्युमेंटेशन वाचू" म्हणते.

तेव्हा पुतण्याला घेऊन आजच बसा, लूपपासून (तेच काम पुन्हा पुन्हा करवणारा कोड) सुरुवात करा. पैसे घेऊन क्लास काढायचा विचार मात्र इतक्यात नको.