मदत हवी आहे: फ्लोरिडात घराला तडे, सिंकहोलचा (खालची चुनखडी विरघळून जमीन खचल्याचा) विमा क्लेम नाकारला. आधी वकील की तटस्थ तपासणी?

नमस्कार मंडळी,

आम्ही टँपाच्या उत्तरेला, पास्को काउंटीत राहतो. हा सगळा पट्टा चुनखडीवर वसलेला, जमीन खचणं इथे नवीन नाही. २०१३ साली टँपाजवळच्या सेफनरला झोपलेल्या माणसासकट बेडरूम जमिनीत गेली होती. म्हणून घर घेतानाच जादा प्रीमियम भरून सिंकहोलचं वेगळं कव्हर घेतलं. साध्या पॉलिसीत जमीन एकाएकी कोसळून खड्डा डोळ्यांना दिसला, पायासकट घराचं नुकसान झालं आणि सरकारने घर रिकामं करायला लावलं, तरच पैसे मिळतात. तडे त्यात बसत नाहीत.

यंदाच्या पावसाळ्यात मागच्या बेडरूमच्या भिंतीला तडा गेला. सरळ नाही, ब्लॉकच्या सांध्यासांध्यांतून पायऱ्यांसारखा वर चढत गेलेला. टोकाशी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली, तर तडा रेघ ओलांडून पुढे गेलाय. दार चौकटीत अडकतं. सासूबाई भारतातून आल्या आहेत, त्यांना त्या खोलीत झोपवायचा धीर होईना.

विमा कंपनीच्या इंजिनिअरने जमिनीखालचं दाखवणारं रडार फिरवलं, बोअर घेतले आणि अहवाल दिला: चिकणमाती आकसून पाया बसला, सिंकहोल नाही. पाया बसणं पॉलिसीत वगळलेलं, त्यामुळे क्लेम नामंजूर. पण अहवालातल्या नकाशावर बोअर गॅरेजच्या बाजूला दिसतात, तड्याच्या खोलीजवळ एकही नाही. हे मला अजिबात पटलेलं नाही.

एक वकील म्हणतात लगेच केस टाकू, जिंकलो तर टक्केवारी द्या. पण डिसेंबर २०२२ च्या कायद्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत जिंकलं तरी वकिलाची फी पूर्वीसारखी कंपनीवर पडत नाही, आणि आमची पॉलिसी त्यानंतरची. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आपणच सोसायचा वाटा, घराच्या विम्याच्या रकमेच्या १० टक्के. दोन्ही वजा जाता जमिनीत ग्राउट (सिमेंटचं मिश्रण) भरण्यापुरते तरी पैसे उरतील का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, आम्ही शेजारच्या हर्नांडो काउंटीत यातून गेलो आहोत. घाईने केस टाकू नका. राज्याच्या वित्तसेवा विभागाकडे तटस्थ तपासणीचा अर्ज करा. खर्च कंपनीला द्यावा लागतो आणि तोवर कोर्टाचं काम थांबतं. निकाल बंधनकारक नसतो, पण तो अहवाल पुढे कोर्टात पुरावा म्हणून येतो. म्हणजे तुमच्या विरुद्ध गेला तर तोही येणार. म्हणून आधी स्वतःच्या भूगर्भतज्ज्ञाकडून कंपनीचा अहवाल वाचून घ्या, त्याची फी द्यावी लागली तरी.

बोअरचे मूळ लॉग, म्हणजे खोलीनुसार केलेल्या नोंदी, मागवा, नुसता निष्कर्ष नको. बोअरची नळी ठोकणारा हातोडा ठोके न देता स्वतःच्या वजनानेच खाली गेला का, ड्रिलिंगचं पाणी एकदम गायब झालं का, या नोंदी बघायला सांगा. माती खाली चुनखडीच्या पोकळीत वाहून जाते तेव्हा अशा खुणा मिळतात.

वकील हवाच, पण कागदावर सही करण्याआधी विचारा: टक्केवारी नेमकी कशावर, आणि हरलो तर तज्ज्ञांचा खर्च कोणाचा? दुरुस्तीवाला कुणी 'डिडक्टिबल आम्ही भरतो' म्हणत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, तसली सूट बेकायदा आहे. नुकसान लक्षात आल्यापासून २ वर्षांत क्लेम कळवावा लागतो, तुम्ही कळवलाच आहे, ती पोच जपून ठेवा.

पुढे घर विकताना, क्लेमचे पैसे मिळाले असतील तर ते आणि पूर्ण रक्कम दुरुस्तीला वापरली की नाही, हे घेणाऱ्याला सांगावं लागतं. पैसे आले की जमिनीचंच काम आधी करा.

मूळ धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. लॉग मागवायला आजच पत्र टाकते. टँपाच्या आसपास कंपन्यांचं काम न करणारा भूगर्भतज्ज्ञ कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.