मदत हवी आहे: इको नॉर्मल आला, मग आता घशातून इको कशाला?

अधीर_धाकटा: दादाला मागच्या मंगळवारी स्ट्रोक आला. टूडी इको (छातीवरून हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, ईएफ (हृदयाची पंपिंग क्षमता) 60 टक्के. आता म्हणतात घशात नळी घालून परत इको करायचा. उद्या सकाळी सही पाहिजे. गरज आहे की बिल फुगवतायत? पटकन सांगा.

चहाबाज: वय? बीपी, शुगर? रक्तस्राव की गुठळी? आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत का!

अधीर_धाकटा: 41. गुठळी. बीपी-शुगर नाही. बाकी फाइल वहिनीकडे.

इकोवाली: मी टेक्निशियन, डॉक्टर नाही. हृदयाचा डावा वरचा कप्पा पाठीकडे, अन्ननलिकेला लागून असतो. त्याला एक छोटा खिसा असतो, गुठळी बहुधा तिथे दडते. छातीवरून तो खिसा नीट दिसत नाही, म्हणून टीईई, म्हणजे हाच घशातून करायचा इको. सोबत बबल टेस्ट करतील: घुसळलेलं सलाईन हाताच्या शिरेतून देतात, बुडबुडे लगेच हृदयाच्या डाव्या बाजूला दिसले तर दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात भोक, म्हणजे पीएफओ. ते साधारण चौघांत एकाला असतंच, त्यामुळे सापडलं तरी स्ट्रोकचा दोष त्याचाच असं नाही.

कोकणकडा: आमच्या बाबांचे दोन इको नॉर्मल होते. शेवटी होल्टरमध्ये (अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं यंत्र) एएफ, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, सापडलं. आधी होल्टर लावा.

इकोवाली: होल्टर ठोके बघतो, गुठळी नाही.

कोकणकडा: एएफ निघालं की रक्त पातळ करायची गोळी सुरू होतेच ना? मग नळी कशाला?

इकोवाली: तेवढ्यापुरतं बरोबर. पण 41 व्या वर्षी भोक, झडपेवरचा संसर्ग, मिक्सोमा (हृदयातली गाठ) हेही बघावं लागतं.

वनौषधी: अर्जुनसालीचा काढा, रोज सकाळी.

चहाबाज: गुठळीवर काढा? धन्य!

निवृत्त_बँकर: कॅशलेस असेल तर या तपासणीची मंजुरी आधीच विचारा. माझ्या मेव्हण्याची अँजिओग्राफी...

अधीर_धाकटा: पैशांचं बघू. नळीने त्रास होतो का? नाकातल्या नळीनेच जेवण चालू आहे, पाणी दिलं की ठसका लागतो.

इकोवाली: अहो, हे आत्ता सांगताय? 6 तास उपाशी ठेवतात, घसा बधिर करतात, गुंगीचं औषध देतात. गिळायला त्रास असेल तर श्वासनलिकेतून फुफ्फुसात लाळ-पाणी जायचा धोका. सहीआधी डॉक्टरांना विचारा, तपासणी चार दिवसांनी चालेल का.

अधीर_धाकटा: वहिनीला फोन केला. होल्टर कालपासूनच लावलंय म्हणे.

कोकणकडा: बघा!