वरळी कोळीवाड्याचा इतिहास कुठून मोजायचा?

खिडकी_२२

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही वरळीत भाड्याच्या घरात आलो. बाविसाव्या मजल्यावरून वरळीचा किल्ला, त्याला लागून दाटीवाटीचं गाव, होड्या आणि मागे सी-लिंक असं सगळं एकदम दिसतं. धाकटी सहावीत आहे. शाळेने ‘आपल्या परिसराचा इतिहास’ असा प्रकल्प दिलाय आणि तिने कोळीवाडा निवडलाय.

शोधलं तर सगळीकडे त्याच चार ओळी: सात बेटं, मूळ रहिवासी कोळी, नारळी पौर्णिमा, किल्ला. त्यात किल्ला कुणी पोर्तुगीजांचा म्हणतं, कुणी इंग्रजांचा. माझे प्रश्न असे:

किल्ला नक्की कुणाचा? गाव त्याच्या आधीचं का? आणि तिथली माणसं आज काय करतात, मासेमारी खरंच चालू आहे का? शिवाय पोरीला घेऊन यायचं असेल तर कधी यावं? कुणाच्या दारात उगाच उभं राहून फोटो काढणारे आम्हाला व्हायचं नाही.

जुन्या_भिंती

किल्ल्यापुरतं सांगतो. तो इंग्रजांचा, साधारण १६७५ चा. गोंधळ होतो कारण समोर खाडीपलीकडे वांद्र्याचा किल्ला आहे, तो पोर्तुगीजांचा, १६४० चा. मुंबई १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळाली, १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. साष्टी आणि वांद्रं मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं, थेट मराठ्यांनी १७३९ मध्ये ते घेईपर्यंत. म्हणजे माहीमच्या खाडीच्या एका काठाला एक सत्ता, दुसऱ्या काठाला दुसरी. वरळीच्या टोकावर बसून कोण येतंय-जातंय ते बघायला हा किल्ला. आकाराने अगदी लहान आहे, चालत पाच मिनिटांत फिरून होतो.

वरळीची_बाय

दादूस, बाविसाव्या मजल्यावरून तुम्हाला आमच्या गावाची पाठ दिसते. तोंड पाण्याकडे आहे.

आधी माझी ओळख. माहेर, सासर दोन्ही कोळीवाड्यातलं. आईने जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन म्हावरं, म्हणजे मासळी, विकलं, नवरा होडीवर होता, दीर अजून जातो. मी मात्र बँकेत कारकुनी करून निवृत्त झाले. म्हणजे मला ताळेबंदही कळतो आणि ओले बोंबीलही साफ करता येतात.

किल्ल्याचं वर लिहिलंय ते बरोबर. पण पोरीला सांगा, गावाचा इतिहास किल्ल्यापासून मोजू नकोस. पहारेकरी कधीतरी आले, कधीतरी गेले. आज किल्ल्यात व्यायामशाळा आहे, मंदिर आहे, आणि पोरं तिथे दंड-बैठका काढतात. गाव कशावर उभं राहिलं हे कळायचं असेल तर पाणी कसं चढतं-उतरतं तिथून सुरुवात करायला हवी.

वरळी हे बेट होतं. वरळी आणि मुंबई यांच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि आतली सखल जमीन बुडायची. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला, १७८४ मध्ये तो पुरा झाला. बांध घालताना देवी समुद्रातून वर आली आणि महालक्ष्मीचं देऊळ झालं, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. शाळेत या बांधाचं कौतुक शिकवतात. शिकवावंही, त्याशिवाय मुंबई एकसंध झाली नसती. आमच्या बाजूने बघितलं तर पाण्याची एक वाट तेव्हा बंद झाली. त्यानंतर जो जो आला तो जमीन वाढवायलाच आला.

आता पाण्याचं गणित, हे प्रकल्पात घाला. चालू तिथीला पाऊणने गुणायचं, उत्तर येईल तेवढ्या वाजता साधारण भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं. एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी ढकलायला पुरेसं आहे. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि हा हिशेब ती बोलता बोलता करायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला ओढ कमी. डोलीच्या जाळ्याला ओढ लागते. समुद्रात रोवलेल्या खुंटांना जाळ्याचं तोंड बांधायचं, पाणी स्वतःच मासळी आणून आत भरतं, आणि ओढ थांबली की जाळं उचलायचं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही सगळी डोलीची मासळी.

आमच्या वरळीची खासियत मात्र खडक. खडकाच्या कपारीत शेवंड (मोठी कोळंबीसारखी, लॉबस्टर म्हणतात ती) आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. मोठी ओहोटी लागली की बायका खडकावर कालवं फोडायला जायच्या. टोकदार लोखंडाने कवच उघडायचं, आतला मऊ गर डब्यात टाकायचा. तासन्‌तास वाकून काम, आणि हाताला कापलेलं आठवडाभर चुरचुरायचं. कालवांचं कालवण मात्र असं की जावयाला वाढताना सासू मोजून वाढते.

हे खडक, या कपारी, कुणी कुठे जाळं लावायचं, कुठल्या दोन खडकांमधून होडी काढायची, हे सगळं गावात ठरलेलं असतं. तोंडी. सातबारा जमिनीचा असतो, पाण्याचा कुणाकडेच नाही. त्यामुळे सरकारी माणूस येऊन विचारतो, “तुमचं इथे नेमकं काय आहे?” तेव्हा दाखवायला कागद नसतो.

यावरूनच पुलाच्या खांबांचं सांगते, कारण तुमच्या खिडकीतून सगळ्यात ठळक तेच दिसत असणार. कोस्टल रोड सी-लिंकला जोडायचा पूल आमच्या होड्यांच्या वाटेवरूनच जाणार होता. आमच्या क्लीव्हलँड बंदरातून निघालेली होडी त्याच्या दोन खांबांमधून बाहेर पडणार. आराखड्यात खांबांमधलं अंतर ६० मीटर. गाव म्हणालं २०० मीटर पाहिजे. बाहेरच्यांना वाटायचं, होडी असते किती रुंद, साठ मीटर काय कमी झाले? कागदावर त्यांचं बरोबर. पण होडी ही काही रस्त्यावरची मोटार नाही, ती पाण्याबरोबर आडवी सरकत जाते. पावसाळ्याच्या तोंडावर उधाणाचं पाणी, वारा बाजूने, इंजिन लहान, होडीत ओलं जाळं. त्यात खांबाभोवती पाणी घुमतं आणि आपटलेली लाट उलटी येते. समोरून दुसरी होडी येत असेल तर वळवायची कुठे, दोन्हीकडे खडक!

पाण्यातलं काम गावाने अडवून धरलं. होड्या घेऊन माणसं समुद्रात उभी राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तडजोड झाली आणि मधला एक खांब आराखड्यातून गेला. त्या रुंद गाळ्यावर मग एप्रिल २०२४ मध्ये १३६ मीटर लांबीची, सुमारे दोन हजार टनांची लोखंडी कमान समुद्रातून आणून बसवली. लोक तिचे फोटो काढतात, सुंदर आहे म्हणतात. ती कमान तिथे का आहे हे पोरीच्या प्रकल्पात आलं तर मला आनंद होईल. माझा दीर म्हणतो, २०० मागितले, १२० दिले, फसवलं आपल्याला. मी म्हणते, आखलेला खांब काढायला लावला हे कमी आहे का? यावर आमच्याकडे जेवताना भांडण होतं.

आणखी एक. याच कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्ही नगरला नेऊन लावल्या. प्रवाळाला नवा पत्ता मिळाला. शेवंडीला कुणी विचारलं नाही.

रोखठोक_गिरगाव

सगळं छान आहे ताई, पण जरा उलटी बाजूही येऊ दे. कोळीवाड्यात आज चार-चार मजले चढलेत, अर्ध्या खोल्या भाड्याने, नवी पोरं कॉल सेंटरला. मासेमारी किती घरं करतात? मग ‘पारंपरिक गाव’ म्हणून वेगळी वागणूक का मागायची?

वरळीची_बाय

गिरगावकर, विचारलंत ते बरं केलंत, आमच्याच पोरांनाही हा प्रश्न पडतो. होय, होडीवर जाणारे कमी झाले. माझा मुलगा जात नाही. डिझेल, बर्फ, खलाशाचा पगार यांचा मेळ बसवून हातात काय उरतं ते मी बँकेतल्या डोक्याने मांडून बघितलंय, त्यामुळे त्याला जा म्हणायची माझी हिंमत नाही.

मजले चढले तेही खरं. तीन भावांची तीन घरं झाली, त्यांची पुढे सात झाली, आणि गावाची हद्द तेवढीच. भाडं हे कितीतरी बायांचं पावसाळ्यातलं पोट आहे, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, तर बंदी उठली तरी दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी हलवत नाहीत, मग सरकारी तारीख काहीही असो. त्यात गावच्या गोल्फादेवीला कौल लावणारेही आहेत. नव्या होडीपासून लग्नापर्यंत तिला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. मी बँकेची परीक्षा द्यावी की नाही यालाही माझ्या आजीने कौल लावला होता. देवी हो म्हणाली म्हणून पेन्शन खातेय.

वेगळी वागणूक आम्ही मागत नाही. गाव आहे तर गाव म्हणा, एवढंच. दाट वस्ती दिसली की तिला झोपडपट्टी म्हणायचं आणि मग पुनर्विकासाचा नकाशा काढायचा, यात होडी ओढून ठेवायची जागा, जाळं शिवायची जागा, बोंबील वाळत घालायच्या वलांड्या, काहीच धरलेलं नसतं. विसाव्या मजल्यावर जाळं कुठे पसरणार?

मार्च २०२० च्या अखेरीला हे गाव साऱ्या देशाला टीव्हीवर दिसलं, करोनाने सील झालेली वस्ती म्हणून. आमची ओळख तेवढीच राहू नये असं मला वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

चिंबईकर

बायने माहीमच्या खाडीची एक बाजू सांगितली, दुसरी बाजू आमची. मी वांद्र्याच्या चिंबईचा, ख्रिस्ती. आमच्याकडेही होड्या आहेत, आणि पाणी तर एकच. मोत माउलीची, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीची, मूर्ती समुद्रात कोळ्याला सापडली अशी आख्यायिका इकडे सगळे सांगतात. सप्टेंबरच्या जत्रेला वरळी, माहीम, वर्सोव्याहून कोळणी लुगडं नेसून, केसात फुलं माळून येतात, मेणबत्ती लावतात, आणि त्याच कोळणी चैत्रात कार्ल्याला एकवीरेलाही जातात. आमच्या घरात याचं कुणालाच आश्चर्य वाटत नाही. मुलीच्या प्रकल्पात खाडीचे दोन्ही काठ आले तर बरं. मोठं चित्र काढायला लावा, दोन किल्ले समोरासमोर, मधे होड्या.

खिडकी_२२

सगळ्यांचे आभार. लेकीने चित्र सुरू केलंय आणि पाऊणचा गुणाकार तिला फारच आवडलाय, घरात दिवसभर तेच चालू आहे. तिच्या हिशेबाने येत्या रविवारी दशमी, म्हणजे भरती साडेसातला आणि ओहोटी दुपारी दीडच्या सुमारास. त्या वेळी खडकावर यावं का?

वरळीची_बाय

हिशेब बरोबर, दिवस चुकीचा. दशमीला अजून भांगाचा असर असतो, पाणी पुरतं उतरत नाही, खडक उघडे पडणार नाहीत. शिवाय दीड वाजता ऊन. पौर्णिमेच्या लगतचा रविवार बघा. तेव्हा ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला लागते, खडक लांबवर मोकळे होतात. कुणी कालवं फोडताना दिसलं तर आधी बोला, मग फोटोचं विचारा. नाही म्हणाली तर नाही.

गल्लीत गाडी घालू नका, बाहेरच ठेवा. चार वाजता बंदरावर याल तर दीर जाळं शिवत बसलेला असेल, खांबांचं त्यालाच विचारा, पण लवकर सुटका होणार नाही. आणि पोरीला बूट घालून आणा, चपलेत कालवाचं कवच पाय कापतं.